राजीखुशीनं

राजुरीच्या वेशीत हर्षालीच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, त्या दिवशी तिचा नवरा आदेश मुद्दाम मागच्या शिवाररस्त्यानं कामाला गेला. फ्लेक्सवर हर्षालीचा नर्सच्या कपड्यातला मोठा फोटो होता. त्याखाली ‘जर्मनी देशात कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळवणारी राजुरीची सून’ अशी ओळ, आणि तिच्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे. त्यात आदेशचाही चेहरा होता. कुणीतरी तो लग्नाच्या अल्बममधून उचलला असावा, कारण डोक्याला फेटा तसाच होता.

आळेफाट्यावर एका गॅरेजात तो ट्रकच्या गिअरबॉक्सची कामं करायचा. तिथंही बातमी आधीच पोचलेली. जो तो हात काळे असतानाच हातात हात देत होता. “आता काय राव, तुमी चाललाच की. आमाला इसरू नका म्हंजे झालं.” आदेश हसून मान हलवत होता. आपण अजून कुठंच चाललेलो नाही, हे एकेकाला कुठं समजावत बसायचं?

हर्षाली जर्मनीला गेली तेव्हा त्यांची मुलगी शिवाई दोन वर्षांची होती. नारायणगावच्या दवाखान्यात नर्स असताना हर्षालीनं रडतखडत जर्मन भाषा शिकून घेतली आणि तिला तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरी लागली. कामाचा परवाना त्या नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली तर परवाना सुटणार, परवाना सुटला तर बाडबिस्तरा उचलून घरी. त्यातून रात्रपाळ्या आणि राहायला दोघींत एक खोली. तिथं पोर कशी न्यायची? तेव्हा घरात सगळ्यांनी बसून ठरवलं होतं, की कायमचा परवाना मिळेपर्यंत तिनं राबायचं, आदेशनं आणि त्याच्या आईवडलांनी शिवाईला सांभाळायचं, आणि परवाना हातात पडला की बापलेकींनी उडायचं. नवऱ्याला जायचं तर जर्मनची पहिली परीक्षा पास व्हावी लागते, हेही तेव्हा माहीत होतं. पण ते इतकं लांब होतं, की सगळे म्हणाले, “व्हईल की. चार वरसं हायती.”

चार वर्षं गेली. हर्षालीनं तिची तिकडची सगळी शिडी चढून दाखवली. आदेश पहिल्याच पायरीवर अडकला.

प्रयत्न केला नाही असं नव्हतं. आळेफाट्याला सुभाषचंद शेठचं कापडदुकान आहे. त्यांची सून नीलम पुण्याची. कॉलेजात तिनं जर्मन घेतलं होतं आणि लग्नानंतर ते कुणाशी बोलायला मिळत नव्हतं. आदेशची अडचण कळल्यावर शेठनीच बोलावून घेतलं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा आदेश दुकानाच्या माळ्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून नीलमवहिनींपुढं धडे म्हणायचा. वहिनी शांत बाई. एकच वाक्य वीस वेळा सांगायच्या आणि एकविसाव्यांदा पण तोंड वाकडं करायच्या नाहीत. माळ्यावर आदेशला बरंचसं यायचं सुद्धा. पुण्याला परीक्षेच्या खोलीत बसला, की यायचं नाही. कानाला लावलेल्या यंत्रातून कुणी बाई रेल्वेच्या फलाटाचा नंबर सांगायची आणि तो आकडा मनात उलटा करेपर्यंत पुढचा प्रश्न सुरू व्हायचा. जर्मन माणसं एकवीस म्हणताना आधी एक म्हणतात, मग वीस. आपल्यासारखंच की, असं वहिनी म्हणायच्या. पण आदेश आयुष्यभर सुट्या भागांचे नंबर इंग्रजीत वाचत आलेला.

दुसऱ्या खेपेला तर तोंडी परीक्षेत घरच्या माणसांबद्दल बोलायचं होतं. हे त्याचं तोंडपाठ होतं. “इश हाबे आइने टोख्टर,” तो म्हणाला. मला एक मुलगी आहे. पुढं तिचं नाव, तिचं वय सांगायचं. समोरची बाई चांगली होती, हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत राहिली. आणि आदेशच्या डोळ्यापुढं सकाळी उंबऱ्यात बसून चपला उलट्या घालणारी शिवाई आली, ती तशीच राहिली. शब्द एक आला नाही. थोड्या गुणांनी नापास झाला.

तो निकाल लागला आणि त्याच आठवड्यात हर्षालीचा फोन आला. दुपारच्या सुट्टीत ती आश्रमाच्या जिन्यात बसून बोलायची.

“अहो, मी काय म्हणते, शिऊचा अर्ज आधी टाकू. तिला परीक्षा नाही लागत. सप्टेंबरात इथं पहिलीचं वर्ष सुरू होतं. आत्ता आली तर सुरुवातीपासून बसंल वर्गात.”

“आणि मी?”

“तुम्ही मागनं या. पास झालात की लगेच.”

“आन न्हाईच झालो तर?”

जिन्यावरून कुणीतरी चढून गेल्याचा आवाज तेवढा आला.

“हर्षा, एक वरीस थांब की. न्हाईतर तूच ये ना परत. एवढं शिकलीस, पुण्यात कुठंबी लागंल नोकरी.”

“सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिले तर परवाना रद्द होतो, अहो. नुसता नावाला कायमचा आहे. चार वर्षं कशासाठी काढली मग?” तिचा आवाज चढला नाही. तो बारीक झाला. “मी रोज नऊ म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. त्यांची नखं कापते, त्यांचे केस विंचरते. माझ्या पोरीला मी शेवटचं कधी न्हाऊ घातलं, ते मला आठवून बघावं लागतं. मला आता नाही राहवत. तुम्ही नापास झालात म्हणून मी काही बोलले का? मी नाही बोलणार. पण मला आता शिऊ पाहिजे.”

तिनं दोष दिला असता तर आदेशला भांडता आलं असतं. तिनं दिला नाही. तो “बघू” म्हणाला, आणि बघू म्हणजे हो, हे दोघांनाही कळलं.

घरी सांगितलं तेव्हा त्याची आई सारजाबाई धारेला बसली होती. तिनं गाईची कास सोडली नाही, मागं वळून बघितलंही नाही.

“बापाबिगर जायाची ती?” तिनं विचारलं.

“मी मागनं जाणार हाय.”

“तिला तिकडं कोण वळखतंय?”

“तिची आई हाय न तिथं,” ओट्यावरून भिमाजीनाना म्हणाले. आदेशचे वडील बोलायचे कमी, आणि बोलले की त्यावर कुणी काही म्हणायचं नाही. फक्त त्या दिवशी दूध नेहमीपेक्षा कमी निघालं आणि गाईनं सारजाबाईला दोनदा शेपूट मारलं.

पोरीला एकटीला न्यायचं तर बापाची लेखी संमती लागते. ती वकिलापुढं करून द्यायची होती. आदेश आणि नाना मोटारसायकलवर जुन्नरला गेले. कोर्टाच्या बाहेर टेबलं टाकून नोटरी बसतात. त्यातल्या एकानं इंग्रजी मजकूर छापून आणला, आदेशपुढं सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. मागं रांगेत जमिनीच्या वाटण्या घेऊन आलेले भाऊभाऊ उभे होते.

“राजीखुशीनं देताय ना?” वकिलानं विचारलं. ते सगळ्यांनाच विचारत होते. त्यांचं लक्ष शिक्क्याच्या गादीकडं होतं.

आदेशनं नानांकडं पाहिलं. नाना रस्त्याकडं बघत होते.

“हो,” आदेश म्हणाला.

परत येताना ओतूरला चहा प्यायला थांबले. नानांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि प्यायच्या आधी म्हणाले, “सही केलीस, ठीक केलंस. आयपासनं लेकरू किती दिस तोडायचं? पण एक कर. पोरीला खरं सांग. लहान हाय म्हणून काय बी सांगू नको.”

“सांगतो,” आदेश म्हणाला.

सांगायचं त्यानं रोज ठरवलं. सकाळी अंगणवाडीत सोडताना ठरवलं, संध्याकाळी गॅरेजातून आल्यावर तिनं पाठीवर उडी मारली तेव्हा ठरवलं. एकदा तर सुरुवातही केली. “शिऊ, तुला मम्मीकडं जायाचंय ना, तवा...” म्हणाला. ती म्हणाली, “मी खिडकीत बसणार, तुम्ही माझ्याशेजारी बसा. आजीला मधी बसवू.” तिच्या हिशोबात विमान म्हणजे एसटी होती आणि त्यात सगळं घर बसणार होतं. आदेश म्हणाला, “बरं.”

शिवाईचा व्हिसा आला आणि तिला न्यायला हर्षाली जुलैच्या अखेरीला आली, सुटी जेमतेम तीन आठवड्यांची. बाहेर भीज पाऊस आणि अंगणात चिखल. तिनं गाडीतून उतरल्या उतरल्या हात पुढं केले. शिवाई आजीच्या लुगड्याआड गेली. फोनवर जिच्याशी ती रोज गाणी म्हणायची, ती मम्मी एवढी उंच आणि एवढी खरी असेल हे तिला अपेक्षित नसावं. हर्षालीनं हात तसेच धरले, मग खाली घेतले आणि चिखलातून बॅगा उचलू लागली.

ती हुशार होती. तिनं घाई केली नाही. पोरीच्या मागं मागं राहिली, तिच्याबरोबर वासरू सोडायला गेली, तिला अंडी उकडून दिली. चौथ्या पाचव्या दिवशी तिनं वेणी घालायला घेतली. शिवाई थोडा वेळ बसली. मग “मम्मी, ओढतंय,” म्हणून उठली, वेणी सोडली आणि फणी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

“आजी, तू घाल.”

सारजाबाई भाजी निवडत होती. तिचे हात आपोआप फणीकडं गेले. दारात उभी असलेली सून तिला दिसली. हात तिनं मांडीवर घेतले आणि लुगड्याला पुसत बसली.

“मला आता दिसत न्हाई गं बाई नीट,” ती म्हणाली. “केस तुटत्याल तुजे. मम्मीकडनं घाल. मम्मी झ्याक घालती.”

“काल तर घातलीस.”

“काल दिसत व्हतं.”

शिवाई बराच वेळ आजीच्या डोळ्यांकडं बघत उभी राहिली. मग मुकाट्यानं जाऊन आईपुढं बसली. हर्षाली वेणी घालत होती आणि घालताना तिचं नाक वाहत होतं, ते ती दंडाला पुसत होती. आदेश ओट्यावर होता. त्याला सगळं दिसत होतं. हर्षालीला माघारी पाठवावं की तिच्या पाया पडावं, काही त्याला कळेना. त्या दिवसानंतर सारजाबाई पोरीला जेवू घालायची नाही, न्हाऊ घालायची नाही. काही मागितलं की म्हणायची, “मम्मीला सांग.” आणि गोठ्यात जाऊन बसायची.

मुंबईला जायला सुभाषचंद शेठनी आपली गाडी दिली. नीलमवहिनींनी शिवाईसाठी लाल रंगाचं लोकरीचं जाकीट आणलं. ते तिनं ऑगस्टच्या उकाड्यात अंगात घातलं आणि काढू देईना. निघताना नानांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आदेशकडं पाहिलं. सांगितलंस का, असं ते पाहणं होतं. आदेशनं गाडी सुरू केली.

माळशेज घाटात धुकं होतं. शिवाई मागं आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. आदेश आणि हर्षाली दोघांनाही ठाऊक होतं की आता बोलायला हवं, आणि दोघंही रस्ता बघत राहिली. मुरबाडच्या पुढं हर्षाली हळू म्हणाली, “विमानतळावर सांगू. आत्ता सांगितलं तर गाडीतच रडून आजारी पडेल.” आदेश म्हणाला, “मीच सांगतो तिथं. पाच मिंटं दे मला.”

ती पाच मिनिटं मिळाली नाहीत. विमानतळाच्या दारापुढं गाड्यांची रांग, शिट्ट्या, हॉर्न. गाडी उभी राहते न राहते तोच शिपाई काचेवर थापट्या मारायला लागला. “सामान उतारो, गाडी आगे लो, आगे लो.” आदेशनं बॅगा ढकलगाडीवर चढवल्या. शिवाई जागी होऊन टकामका बघत होती. त्यानं तिच्यापुढं गुडघे टेकले, तिच्या जाकिटाची साखळी वर ओढली. मागच्या गाडीनं लांबलचक हॉर्न दिला. शिपाई परत आला.

“शिऊ, चल, आपण रांगेत उभं राहू,” हर्षाली पटकन म्हणाली. “पप्पा गाडी लावून येतात.”

आदेशनं वर पाहिलं. हर्षालीच्या डोळ्यांत विनवणी होती. शिवाई त्याच्याच तोंडाकडं बघत होती, खरं काय ते तो सांगणार म्हणून.

“हां,” तो म्हणाला. “आलोच.”

“लवकर या,” शिवाई म्हणाली, “नाहीतर खिडकी जाईल.” आणि आईचं बोट धरून उड्या मारत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. बघायचं काय होतं? पप्पा तर येणारच होते.

त्यानं खरोखरच गाडी लावली. वाहनतळावरून पळत परत आला, दाराशी गेला. दारावरच्या जवानानं तिकीट मागितलं. “मुलगी आत गेलीय,” आदेश म्हणाला. “एक मिनट बोलायचंय तिच्याशी.” जवानानं मान हलवली. तो पोरगेलासा होता, उर्मट नव्हता. रोज अशी माणसं त्याच्यापुढं उभी राहत असणार. काचेला कपाळ टेकून आदेशनं आत बघितलं. लाल जाकिटं खूप होती.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. “तपासणी झाली, आत आलो आम्ही,” हर्षाली म्हणाली. मागं रडण्याचा आवाज येत होता, घसा फाटेपर्यंतचा. “तिला सांगितलं, तुम्ही दुसऱ्या विमानानं येणार.”

“दे तिला.”

“घेत नाही फोन. थांबा...” मग काहीतरी आपटल्यासारखं झालं आणि फोन बंद झाला.

आदेश घरी आला तेव्हा सारजाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“रडली का?”

“न्हाई,” आदेश म्हणाला. “हसत गेली.”

नाना खाटेवर होते. त्यांनी कूस बदलली.

शिवाई पंधरा दिवस फोनवर आली नाही. हर्षाली फोन धरायची, पडद्यावर टेबलाखालचे पाय दिसायचे, नाहीतर पाठ दिसायची. “शिऊ, पप्पा बघ,” म्हटलं की पाठ आणखी वळायची. आदेश त्या पाठीशी बोलायचा. वासरू मोठं झालं, अंगणवाडीच्या कुशाबाई तुझी आठवण काढतात. मग एक दिवस ती समोर आली, नवी दप्तरपेटी दाखवली आणि गेली. विमानाबद्दल तिनं कधी विचारलं नाही. ते विचारणं तिनं सोडून दिलं होतं, आणि आदेशला तेच सोसेना. रागावून विचारलं असतं तर त्यानं माफी तरी मागितली असती.

तो माळ्यावर परत बसू लागला. आता तो चुका करायचा नाही, कारण त्याचं लक्ष दुसरीकडं कुठं जायचं उरलंच नव्हतं. डिसेंबरात तो पुण्याला गेला. ऐकायच्या भागात फलाटांचे नंबर बरोबर आले. तोंडी परीक्षेत त्याला घरच्यांबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं मुलीचं नाव सांगितलं, वय सांगितलं, ती कुठं राहते ते सांगितलं. आवाज कुठं अडकला नाही.

पास झाला. नीलमवहिनींनी दुकानात पेढे वाटले. गॅरेजातल्यांनी हार घातला. हर्षाली फोनवर रडली. त्याच दिवशी व्हिसाच्या मुलाखतीसाठी नाव घातलं. मुलाखतीची तारीख मिळाली की कागद जमा करायचे, मग आणखी काही महिने. तारीख कधी मिळेल हे कुणी सांगत नव्हतं. रोज जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन आदेश मोबाईलवर बघायचा. तारीख उपलब्ध नाही. एकदा पुण्याच्या एजंटाला विचारलं, तर तो म्हणाला, “पावणं, लई गर्दी हाय. सहा महिने धरा, वरीस बी लागंल.” हर्षालीनं तिकडून कुठं कुठं फोन लावले, तिलाही तेच उत्तर मिळालं. आता करायचं असं काही राहिलं नव्हतं. अभ्यास संपला होता, सही झाली होती.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन लावला तेव्हा सारजाबाई शेजारी येऊन बसली. तिला पोरीला तिळाचे दागिने दाखवायचे होते. पोर नसली तरी तिनं हलव्याचा छोटा हार केलाच होता. पडद्यावर शिवाई आली. केस खांद्यापर्यंत कापलेले, वेणी नव्हतीच. पुढचे दोन दात पडलेले. ती चित्र रंगवत होती.

“शिऊ, बघ आजीनं काय केलंय,” आदेश म्हणाला.

“छान आहे,” शिवाई म्हणाली. एकदा बघून तिनं मान खाली घातली.

“बाई गं, तिळगूळ खाल्लास का?” सारजाबाई मोबाईलच्या अगदी जवळ तोंड नेऊन ओरडली.

शिवाईनं आईकडं वळून भराभर काहीतरी म्हटलं. तिकडच्या भाषेत. घरातली माणसं समोर असताना आईशी गुपित बोलायला ती भाषा आता तिला सोयीची झाली होती. “इश विल येत्स्ट निश्ट रेडन.” हर्षालीनं चटकन आदेशकडं पाहिलं. त्याला कळलं असेल हे तिच्या ध्यानात आलं होतं.

त्याला शब्दन् शब्द कळला होता. मला आत्ता बोलायचं नाही.

“तिला अभ्यास आहे थोडा,” हर्षाली म्हणाली. “रविवारी लावते मी.”

फोन बंद झाला. सारजाबाईच्या हातात हार तसाच होता.

“काय म्हणली रं ती?”

“झोप आली म्हणती.”

सारजाबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. गेल्या चार वर्षांत तिकडची वेळ काढायला ती बोटांवर शिकली होती.

“आत्ता तर दुपार असंल तिकडं,” ती म्हणाली.

आदेशनं मोबाईल खिशात घातला. सारजाबाई थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हार डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

“शाळंतनं दमून येत असंल,” ती म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.